चार पावलांची साक्ष

किन्हीराजा
मंगळवार, दुपार

प्रिय वैभवी,

एरवी मी पत्राच्या माथ्यावर 'जय ख्रिस्त' लिहितो आणि खाली रेघ ओढतो. आज रेघ तेवढी ओढली. वरचं लिहायला हात उठेना. तू म्हणशील, बाबा, फोन काहून नाही केला, आजकाल पत्र कोण लिहितं? बेटा, फोनवर मी तुझ्याशी सात महिने बोलून राह्यलो आणि आता त्या फोनचीच मला शिसारी आली आहे. कागदाचं बरं असतं, खोडलं तर खोडलेलं दिसतं. गुरुजींनी शिकवलेल्या भाषेत नीट लिहायला बसलो आहे, पण राग आला की माझा हात आपल्या बोलीवर जातो, तेवढं सांभाळून घे. आणि राग आहेच. माझ्यावर आहे, मोहनसिंग पास्टरवर आहे, आणि कुणाला सांगू नको, वरच्यावर पण आहे.

तुझं पार्सल गुरुवारी आलं. मी तेव्हा घरी नव्हतो. शाळेजवळचा हापसा हवा ओढत होता म्हणून सरपंचानं बोलावलं होतं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी हापसा बिघडला की गावाला मीच आठवतो. पोस्टमननं पार्सल शेजारच्या नानीबाईच्या हातात दिलं आणि नानीबाईनं ते सरळ तुझ्या आईच्या मांडीवर नेऊन फोडलं. आत ती चॉकलेटी चप्पल, मऊ तळव्याची, मागं पट्टा असलेली. आणि तुझी चिठ्ठी, की आई, अंगणात चालताना हीच घाल, घसरत नाही, आणि रोज दोन पावलं वाढव. मी घरात शिरलो तेव्हा तुझी आई डाव्या हातात ती चिठ्ठी धरून बसली होती. तिनं मला एवढंच विचारलं, "पोरीले हे कोनं सांग्तलं?"

वैभू, तुझी आई चालत नाही. मार्चमध्ये चालली नाही, पोळ्याला चालली नाही, आज सकाळी पण मी एका बाजूनं आणि नानीबाईनं दुसऱ्या बाजूनं धरून तिला पलंगावरून खुर्चीत बसवलं. ती चार पावलं, जी तू मोबाईलवर माझ्या तोंडून ऐकलीस, जी तू तुझ्या हैदराबादच्या चर्चच्या मंडळीत उभी राहून रडत रडत सांगितलीस, ती कुणी चाललंच नाही. ती मी बोललो. बस, लिहिलं एकदाचं. कागद फाडायचा असेल तर फाड, पण आधी पुढचं वाच, कारण दिवस थोडे आहेत. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आपला उपकारस्तुतीचा सण आहे. सोयाबीन घरात आलं की दरवर्षी असतो तोच. पण या वर्षी मोहनसिंगनं मंडप सांगितला आहे, मालेगाव आणि मंगरूळपीरकडच्या मंडळ्यांना बोलावणं धाडलं आहे आणि पत्रकावर ठळक छापलं आहे, 'सुकेशनीताईंची जिवंत साक्ष'. मंडळी समजते की तुझी आई मार्चमध्ये उठली होती, मग सैतान आडवा आला आणि ती परत पडली, आणि आता सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली की चारशे माणसांपुढं स्टेजवर चालेल. ती मुळात उठलीच नव्हती, हे परवापर्यंत फक्त मला, तिला आणि नानीबाईला ठाऊक होतं. आता मी गप्प बसलो तर ती माणसं तिला पुन्हा काखेत धरून उचलतील. आणि बोललो तर मी काय ठरतो ते तूच ठरव.

येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील ती पडली त्याला. तू महिनाभर रजा टाकून आली होतीस. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं असं झालं की शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून सांडायचे. अजून तसंच आहे. मला कळतं, नानीबाईला कळतं, बाकीच्यांना नाही. तू तिला वाशिमच्या त्या व्यायामवाल्या मॅडमकडं घेऊन गेलीस, मला वहीत हातापायाची चित्रं काढून दिलीस, कोणता सांधा किती वेळा हलवायचा ते लिहिलंस. तू गेल्यावर मी वर्षभर नेम मोडला नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी रिक्षात मागच्या सीटवर तिला आडवी टेकवून वाशिम. गावातले लोक म्हणायचे, देवानंदनं बायकोपायी रिक्षावाल्याचं घर बांधून दिलं. म्हणू दे. आणि यंदाच्या फेब्रुवारीत, वैभू, तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. मॅडम म्हणाल्या, काका, असेच सहा महिने आणत राहा, वॉकर धरून उभ्या राहतील. मी रस्ताभर हसत आलो. घरी येऊन प्रार्थनेत सांगितलं तर सगळे म्हणाले, बरं झालं, प्रभूची दया. आणि पुढच्या विषयाकडं वळले. अंगठ्याची साक्ष कोण देतो अन् कोण ऐकतो?

मार्चमध्ये मोहनसिंगनं आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन दिवस उपास-प्रार्थना ठेवली. उपदेश करायला बाहेरगावचे एक सेवक आले होते, आवाज खणखणीत, घामानं शर्ट ओला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडले, ऊठ. मोहनसिंगनं एका काखेत हात घातला, जऊळक्याहून आलेल्या एका विश्वासी भावानं दुसरीत, आणि उचलली तिला. दोघांचेही डोळे मिटलेले, मंडळीचेही. तिचे पाय सतरंजीवरून ओढत गेले बेटा, नखं घासत. ती ओरडली. त्या ओरडण्यावर लोकांनी गाणं आणखी मोठं केलं. तिची साडी ओली झाली ते मला दिसलं, आणि मी, तिचा नवरा, समोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. आजही हात धुताना ते हात मला दिसतात. घरी आणून नानीबाईनं तिला पुसली, साडी बदलली आणि मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या देवाचं तुमी पाहा, बाईले मी पाहतो. पन असं ढोरावानी वढू नका तिले." वीस वर्षं मी त्या बाईला सुवार्ता सांगितली. त्या दिवशी मला तिच्यापुढं मान वर करता आली नाही.

आता त्या उपासानंतरचा रविवार, तुझी आई घरीच पडून होती. तुला आपली रीत माहीत आहे, पण तू शहरातल्या मोठ्या मंडळीत गेल्यापासून विसरली असशील म्हणून लिहितो. उपदेशाआधी पास्टर विचारतो, कुणाची साक्ष आहे का, आणि ज्याच्यावर देवानं काही उपकार केला तो उभा राहून सांगतो. पण आपल्याकडं आणखी एक खोड पडली आहे. जे अजून झालं नाही ते झालं म्हणून सांगायचं. त्याला म्हणतात विश्वासानं साक्ष देणं. पोराला नोकरी लागायची असली तर बाप उठून म्हणतो, लागली. आधी बोलायचं, मग देव करतो, असं धरून चालायचं. मोहनसिंगनं माझ्याकडं पाहून म्हटलं, "काका, बोला." सात घरांची माणसं माझ्या तोंडाकडं पाहत होती. त्यांनी तीन दिवस उपास धरला होता, वैभू, त्यातल्या दोन बाया कापूस वेचायची मजुरी बुडवून आल्या होत्या. मी उभा राहिलो. माझ्या मनात होतं सांगायचं की तिला फार दुखलं, आता असं करू नका. आणि तोंडातून निघालं, सुकेशनी चार पावलं चालली. चारच का म्हणशील तर दोन कमी वाटली आणि दहा कुणी मानली नसती. बघ कसा हिशेबी विश्वास. सगळे रडायला लागले, मोहनसिंग माझ्या गळ्यात पडला, आणि खरं सांगू, त्या पाच मिनिटांत मला पण वाटलं की चालली असेल.

पस्तीस वर्षं मी पंचायत समितीत हापसे दुरुस्त केले. पाईप एकेक करून वर ओढायचा, फाटलेलं वायसर शोधायचं, बदलायचं, परत सगळं खाली सोडायचं. आणि पाणी येऊन पहिला गिलास मी स्वतः पिल्याशिवाय रजिस्टरात 'दुरुस्त' लिहिलं नाही. साहेब घाई करायचे, मी त्यांनाही ऐकत नसे. जो माणूस लोखंडाच्या बाबतीत इतका पक्का, तो बायकोच्या बाबतीत असा कच्चा निघाला. मोहनसिंगनं माझी साक्ष मोबाईलवर घेतली होती, ती ग्रुपवर टाकली, आणि मंगरूळपीरला पोचेपर्यंत माझ्या चार पावलांची पार विहिरीवरून पाणी आणणारी बाई झाली. लोक घरी यायला लागले. कुणी तेलाच्या बाटल्या घेऊन, कुणी लेकराचा फोटो घेऊन. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. एक जण तर लंगड्या म्हशीसाठी प्रार्थना मागत होता. तुझी आई खुर्चीत बसलेली, तिला वाटायचं हे सगळे आजारी बाईला भेटायला येतात, ती डाव्या हातानं चहा करा म्हणून खूण करायची. मी त्यांना दारातच सांगायचो, आराम करून राह्यली. शेवटी नानीबाईच एकदा कडाडली, "जत्रा हाये काय इथं? बाईले श्वास तं घेऊ द्या!"

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना पेन अडकतं. साक्ष दिली त्या मंगळवारी रिक्षावाला दारात आला आणि मी त्याला परत पाठवला. जी बाई चार पावलं चालली तिला आडवी घालून व्यायामाला नेताना गाव पाहील, मोहनसिंग पाहील. शुक्रवारी पण पाठवला. तिनं विचारलं तर म्हटलं, मॅडम सुट्टीवर गेल्या. पुढं म्हटलं, त्यांनी दवाखाना बदलला. मला कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं. मोहनसिंगनंही नाही. मीच केलं, एका खोट्याची लाज राखायला दुसरं, दुसऱ्याची राखायला तिसरं. घरी वहीतले व्यायाम करायचो, तेही नंतर कमी झाले, कारण करताना तिच्याकडं पाहावं लागायचं. मे महिन्यापासून तो अंगठा हलत नाही, वैभू. पाऊल खाली वळलं आहे आणि टाचेला जखम झाली आहे, रुपयाएवढी. नानीबाई हळद लावते. तू नर्स आहेस, तुला मी काय सांगू याचा अर्थ काय ते.

आणि मग मी देवाशी भांडतो. शेडमध्ये कुणी नसलं की जाऊन भांडतो. म्हणतो, तुले एक अंगठा हलवता आला, मंग पाय हलवायले काय झालं होतं? आमी काही राजवाडा मागून राह्यलो काय? तिनं कधी कुणाचं वाईट केलं? अंगणवाडीत मदतनीस होती तेव्हा स्वतःच्या डब्यातली भाजी पोरांच्या ताटात घालायची. रोज पहाटे माझ्याआधी उठून प्रार्थनेला बसणारी बाई तू आडवी केली, आणि माझ्यासारखा तोंडाळ माणूस धडधाकट ठेवला. हे कसलं प्रेम? तिला सांगितलं एकदा, की मी भांडतो. ती हसली, तिचं ते अर्ध्या तोंडाचं हसणं. म्हणाली, "भांडा. पन माह्या नावानं नका भांडू. माह्यं त्याचं नीट हाये." मला इतका राग आला! हिचं नीट आहे आणि माझं नाही, हे कसं? पडली तीच, बोलता येत नाही तिलाच, आणि समाधान पण तिच्याकडंच. दुपारी मी पेपर वाचत बसलो की ती आपल्या त्या सांडलेल्या शब्दांनी गाणं म्हणते, सूर नाही, ताल नाही, एक ओळ म्हणायला दोन मिनिटं. मी आधी उठून बाहेर जायचो. आता बसतो.

चपलेच्या दिवसाकडं येतो. तिनं विचारलं, पोरीले कोनं सांग्तलं, आणि मी सगळं सांगितलं. बसून नाही, दारात उभा राहून, चोरानं जबाब द्यावा तसा. साक्षीचं, पत्रकाचं, मॅडम कुठंच गेल्या नव्हत्या त्याचं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. दोन दिवस माझ्या हातचा घास घेतला नाही. मी भरवायला गेलो की ओठ मिटायची, नानीबाई आली की उघडायची. नानीबाई मला म्हणाली, "आता काहून तोंड पाडून बसले? जा, ज्याले सांगाचं त्याले सांगा." म्हणून रविवारी उपासना झाल्यावर मोहनसिंगला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पावलं पडली नव्हती, मी खोटं बोललो. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणतो, "काका, असं म्हणू नका. मी तिले धरलं होतं, माह्या हाताले समजलं होतं." मी म्हटलं, तुझे डोळे मिटलेले होते. मग विनवण्या. पत्रकं वाटली, मंडप सांगितला, आपण सात घरं, आता बोललो तर गाव तोंडावर हसेल, थोडा धीर धरा, त्या दिवशी देव लाज राखेल. मी चिडून त्याला नको ते बोललो. तो रडायला लागला. वाईट पोरगा नाही गं तो. तुझी आई पडली त्या दिवशी स्वतःच्या तुरीची कापणी टाकून गाडी त्यानंच आणली होती, अकोल्यापर्यंत तिचं डोकं मांडीवर धरून बसला होता. त्याला खरंच वाटतं की आपण देवाला थोडी मदत करून राह्यलो. मला पण तसंच वाटलं होतं. देवाला आपल्या खोट्याची मदत लागते असं ज्याला वाटतं, त्याचा विश्वास किती, हे मला आत्ता साठी उलटल्यावर कळलं.

घरी येऊन तुझ्या आईला म्हटलं, सणाला आपण जायचंच नाही, तू आजारी आहेस म्हणून सांगतो. तेव्हा तीन दिवसांनी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आणि बोलली ती रागानं. "आनखीन एक?" म्हणाली. आणखी एक खोटं, असं. मग पाणी मागितलं, माझ्या हातून पिली, आणि तिनं जे ठरवलं ते सांगितलं.

ती सणाला जाणार आहे. कुणी उचलायचं नाही, खुर्चीत बसून जाणार. पत्रकावर तिची साक्ष छापली आहे ना, मग ती देणारच, स्वतःच्या तोंडानं. काय बोलणार ते तिनं काल मला तीन वेळा म्हणून दाखवलं. ते असं, "मी चालली नाई. माहा नवरा खोटं बोल्ला. मले वढत नेलं तवा मले लय दुखलं. कोनाले असं वढू नका. देवानं मले उठोलं नाई, पन टाकलं बी नाई, नानीबाईच्या हातानं थो रोज माह्ये केस इचरते." नानीबाई तिथंच होती. ती पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. पण हे बोलणं चारशे माणसांना कळणार नाही, म्हणून कुणीतरी शेजारी उभं राहून एकेक वाक्य मोठ्यानं सांगावं लागेल. मी म्हटलं, मी सांगतो. माझा नवरा खोटं बोलला, हे माझ्या तोंडून निघालं तर माझीही सुटका होईल. मी खरंच तयार झालो होतो, वैभू. तिनं मान हलवली. म्हणाली, तुमी समोर बसून आयका. तुमच्या तोंडाचा मले भरोसा नाई.

आणि तिचं चुकलं कुठं? आता हे पत्र कशासाठी आहे ते सांगतो. घरात रेंज येत नाही, चिंचेखाली येते, म्हणून तुझा प्रश्न मी आत नेतो आणि तिचं उत्तर बाहेर आणतो, तेही सात महिने. तू एप्रिलमध्ये विचारलंस, आई व्यायाम करते का. ती म्हणाली होती, व्यायाम बंद झाला, पोरीले म्हना तू ये. मी बाहेर येऊन तुला सांगितलं, आई म्हणते आता गरज नाही. जूनमध्ये तू म्हणालीस रजा काढू का. ती म्हणाली होती, हो म्हना, लवकर. मी सांगितलं, आई म्हणते नोकरी सांभाळ. पोळ्याच्या दिवशी तिनं फक्त तुझं नाव घेतलं होतं, मी सांगितलं, आई म्हणते आशीर्वाद. आणि आत जाऊन तिला दर वेळी सांगत आलो, पोरगी म्हणते सुट्टी मिळत नाही. सात महिने ती धरून बसली होती की बोलावूनही तू येत नाहीस, आणि एकदाही तुला नावं ठेवली नाहीत. रोजच्या प्रार्थनेत तुझ्या सुट्टीसाठी मागायची, आणि मी शेजारी बसून आमेन म्हणायचो. सणाच्या आधीच्या बुधवारपर्यंत पोच. वाशिमला उतर, मी रिक्षा घेऊन येतो. तुझ्याशी बोलायची माझी लायकी नसेल तर रस्ताभर बोलू नको. तिची जीभ तुला दोन-तीन दिवसांत कळू लागेल, मग तिचं वाक्य तू लोकांना सांग, तिच्या मनासारखं. हे पत्र मी तिला आत्ता पहिल्यापासून वाचून दाखवलं, फोनवरच्या फसवणुकीसकट. तिला म्हटलं, शेवटी तुझ्याकडून काय लिहू? ती म्हणाली ते एका अक्षराचाही बदल न करता लिहितो. "वैभू, ये."

तुझाच,
शिव्या खायला तयार बसलेला
बाबा